बिडी न ओढणारीची धाप

पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड सोडले की बेगडेवाडी येते. इथून पुढे मावळातला पाऊस, ओले सरपण आणि धुमसणारी चूल. फुंकणी घेऊन तिच्यापुढे जन्म काढलेल्या बाईने बिडी कधी ओढलेली नसते. तरी तिला धाप का लागते?

तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेल्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर मांडले. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या ‘सीओपीडी’चे २५ ते ४५ टक्के रुग्ण धूम्रपान न केलेले असतात. तेव्हाच्या अंदाजाने जगात धूम्रपान करणारे १०१ कोटी. लाकूड-गोवऱ्यांचा धूर सोसणारे ३०० कोटी!

गॅस आला, तरी पाणी तापवायला चूल उरतेच. ती अंगणात न्यावी. आणि आईचा खोकला ‘वयाचा’ म्हणून सोडू नये. नळीत फुंकून होणारी स्पायरोमेट्री तपासणी एकदा करून घ्यावी.