पाण्याची 'ओटी' होते, मग वर्गातल्या हवेची का नको?

जुन्या विहिरीचा गाळ काढायचा झाला की जाणता गडी एकदम खाली उतरत नाही. आधी दोरीला कंदील बांधून तो आत सोडतो. ज्योत विझली तर वरच थांबतो. डोळ्यांना न दिसणारी हवा तपासण्याची ही बापजाद्यांची रीत. पाण्याचेही तसेच. टाकीत टीसीएल पावडर नीट पडली की नाही हे जलसुरक्षक ओटी टेस्ट करून पाहतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. मात्र आपली पोरे दिवसाचे पाच-सहा तास ज्या वर्गात बसतात, तिथली हवा तपासायची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही. ती तपासता येते, आणि त्याला फार खर्चही नाही.

लेखक शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण कोंदट हवेने काय होते हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. थंडीत पोल्ट्रीचे पडदे दिवसरात्र बंद ठेवले की शेडमध्ये अमोनिया साचतो आणि पक्षी घुरघुरायला लागतात. कांद्याच्या चाळीला खालून हवा मिळाली नाही तर कांदा सडतो. कोंबडीची आणि कांद्याची हवा आपण सांभाळतो, मग पोरांची का नाही?

आजार हवेतून कसा जातो

फ्ल्यू, कोरोना हे आजार मुख्यतः खोकल्याच्या मोठ्या थेंबांतूनच पसरतात असे आधी सांगितले गेले. आता चित्र स्पष्ट आहे. माणूस बोलतो, गातो, मोठ्याने पाढे म्हणतो तेव्हा अतिशय बारीक कण बाहेर पडतात. बंद खोलीत ते चुलीच्या धुरासारखे तरंगत राहतात. गोवराचा विषाणू रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. क्षयाचे जंतूही असेच तरंगतात. कोरोना हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्य केले.

आता हे जंतू मोजायचे कसे? ते गावपातळीवर शक्य नाही. पण दुसऱ्याने सोडलेला श्वास खोलीत किती साचला हे मोजता येते, कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साईड असतो. मोकळ्या रानातल्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. पीपीएम हा शब्द फवारणीमुळे आपल्या ओळखीचाच आहे. नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या हवेत मात्र तो सुमारे ४०,००० पीपीएम असतो. वर्गातला आकडा जितका चढेल, तितकी दुसऱ्याची उष्टी हवा आपण घेत आहोत असे समजावे. आकडा २,४०० झाला तर साधारण वीस श्वासांतला एक श्वास हा दुसऱ्याच्या छातीतून आलेला असतो. एवढा कार्बन डायऑक्साईड स्वतः विषारी नाही, पोरे फार तर पेंगतात. तो फक्त खूण आहे, विहिरीतल्या कंदिलासारखी.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहरी पेटेनकोफर नावाच्या शास्त्रज्ञाने १८५८ सालीच खोलीतली हवा १,००० पीपीएमच्या आत असावी असे सांगून ठेवले होते.

एका वर्गाचा हिशोब

वीस बाय चोवीस फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरा. तीत ४० मुले. एक मूल तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साईड सोडते. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर दहा मिनिटांत आकडा १,००० च्या पुढे जातो आणि वीस मिनिटांत १,५०० ओलांडतो. म्हणजे पहिला तास संपायच्या आतच हवा बिघडलेली असते. हीच हवा १,००० च्या आत ठेवायची तर खोलीतली सगळी हवा तासाला साधारण सहा वेळा बदलली पाहिजे. ऐकायला अवघड वाटते, पण समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील आणि थोडा वारा असेल तर हे काम फुकटात होते. छताचा पंखा मात्र आतलीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

हवा बदलल्याने फरक पडतो का?

पडतो. तैवानमध्ये तैपेईच्या एका विद्यापीठात क्षयाची साथ आली होती. तिचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तिथल्या कोंदट खोल्यांत आकडा ३,००० च्या वर गेलेला आढळला. हवा खेळती करून तो ६०० च्या आसपास आणला आणि साथ थांबली. रुग्णशोध व औषधोपचाराचा परिणाम वेगळा काढूनही, हवा सुधारल्यामुळे संपर्कातल्या लोकांत क्षयाचे प्रमाण ९७ टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले.

दुसरे उदाहरण पेरू देशातल्या लिमा शहराचे. तिथल्या रुग्णालयांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती, नव्या इमारतींत खिडक्या उघडूनही १७ वेळा. आपल्या भागातल्या जुन्या कौलारू शाळा आठवा. कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जायची. कारवीच्या कुडाच्या घरातही तसेच. स्लॅबच्या खोल्या मजबूत आहेत, गळत नाहीत, पण ती वाट बंद झाली. म्हणून आता खिडकीकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

इंग्लंडमध्ये सरकारने २०२१ च्या शरद ऋतूपासून शाळांना अशी तीन लाखांवर यंत्रे वाटली. शिक्षकाने आकडा बघायचा आणि चढला की खिडकी उघडायची, एवढेच काम.

आपल्या मुलखाची अडचण

मार्च २०२१ मध्ये आपल्याच पालघर तालुक्यातल्या नंडोरे आश्रमशाळेत सुमारे तीस विद्यार्थी आणि एक शिक्षक कोरोनाबाधित आढळले. त्याआधी फेब्रुवारीत वाशीम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेवर मुले बाधित झाली होती. यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण जिथे मुले एकत्र शिकतात, जेवतात आणि झोपतात, तिथे हवेतला आजार किती झपाट्याने फिरतो हे यातून कळते. म्हणून आश्रमशाळेत निवासाच्या खोलीची हवा रात्रीही मोजावी. डासांच्या भीतीने आणि थंडीने सगळ्यात घट्ट बंद होते ती हीच खोली.

'खिडक्या उघडा' म्हणणे सोपे आहे. मनोर परिसरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत झड आत येते. पौषात सकाळी पोरे कुडकुडतात. महामार्गालगतच्या शाळेत धूळ आणि हॉर्न. बोईसर-तारापूरकडे तर वासाची तक्रार कायमची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत वर होते. अशा ठिकाणी शिक्षकाने खिडकी लावली तर त्याचे काय चुकले?

इथेच मोजणी उपयोगी पडते. खिडकी पूर्ण उघडायची का चार बोटे, हे अंदाजाने नव्हे तर आकड्यावरून ठरते. पुष्कळदा समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवूनही भागते. पावसासाठी खिडकीवर पत्र्याचा छज्जा, डासांसाठी जाळी, रस्त्याच्या बाजूची खिडकी बंद ठेवून मागची उघडी, वरच्या झरोक्यात एक एक्झॉस्ट पंखा, मधल्या सुट्टीत मुले बाहेर आणि दारे सताड उघडी, असे उपाय गावातला सुतार आणि वायरमनही करून देईल. बाहेरची हवाच खराब असेल तिथे धुळीचे कण मोजणारे यंत्र आणि फिल्टर लावलेला पंखा यांचा विचार करावा. फिल्टर जंतूंचे कण अडवतो, पण कार्बन डायऑक्साईडचा आकडा त्याने उतरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

यंत्र घेताना व वापरताना

१) यंत्र काही हजार रुपयांत मिळते. 'एनडीआयआर' पद्धतीचा सेन्सर आहे का ते विचारून घ्या. अगदी स्वस्त यंत्रे वायू न मोजताच अंदाजे आकडा दाखवतात. सॅनिटायझर जवळ नेल्यावर आकडा एकदम उसळला तर यंत्र बहुधा नकली समजा.

२) आधी मोकळ्या मैदानात ठेवा. तिथे ४२० ते ४५० च्या आसपास आकडा आला पाहिजे.

३) वर्गात ते बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. खिडकीत नको, कोणाच्या तोंडासमोर नको. खिचडीच्या चुलीपासूनही लांब ठेवा, धुरामुळे आकडा फसवतो.

४) प्रत्येक तासाच्या शेवटी आकडा आणि किती खिडक्या उघड्या होत्या ते वहीत लिहा. हे काम सहावी-सातवीची मुले आवडीने करतील, गणिताचाही सराव होईल.

५) पाण्याच्या कार्डासारखीच खूण ठेवा. ८०० पर्यंत हिरवे, ८०० ते १,५०० पिवळे, त्यावर लाल. लाल आले की आधी खिडक्या उघडा, तरी उतरले नाही तर मुलांना व्हरांड्यात किंवा झाडाखाली बसवा.

ग्रामपंचायत काय करू शकते

प्रत्येक वर्गाला यंत्र घ्यायची गरज नाही. केंद्रशाळेत एक यंत्र ठेवून ते केंद्रातल्या शाळांत आळीपाळीने दोन-दोन दिवस फिरवावे, एकदा पावसात आणि एकदा थंडीत. कोणत्या खोल्या लाल आहेत ते कळले की छज्जा, जाळी, झरोका यांचा खर्च तिथेच करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून तो शाळेच्या आराखड्यात घ्यावा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायत विकास आराखड्यात ही बाब धरावी. २०२३ साली सुरू झालेल्या टीबीमुक्त पंचायत मोहिमेशीही हे काम जुळते. नव्या खोलीचे अंदाजपत्रक येईल तेव्हा समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोके आहेत का, हे पाहूनच सही करावी. बांधून झाल्यावर भिंत फोडणे महागात पडते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हिरवा आकडा म्हणजे आजाराला बंदी नव्हे. ताप-खोकल्याच्या मुलाला घरीच ठेवायचे. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस चुकवायचे नाहीत. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यायचीच. शेजारी बसणाऱ्याचा थेट खोकला यंत्र अडवत नाही. ते फक्त खोलीत साचणाऱ्या हवेची खबर देते.

पण ती खबरही मोलाची आहे. एका पोराला गोवर झाला की घरातली बाई आठ-पंधरा दिवस मजुरीला जात नाही. क्षय झाला तर सहा महिने औषध आणि तेवढाच काळ घराची ओढाताण. आवणीच्या दिवसांत हे कोणाला परवडते? माती तपासल्याशिवाय खत टाकू नका असे आम्ही शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. शाळेच्या हवेलाही तोच नियम लावू या. येत्या ग्रामसभेत पाण्याच्या कार्डाचा विषय निघेल तेव्हा कोणीतरी उठून एवढे विचारावे: आपल्या शाळेच्या हवेचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे?