मुलांचे कराओके कार्यक्रम: दर माणशी नको, तासावर ठरवा

अंजनगाव, दर्यापूर, अकोट या आपल्या पट्ट्यात वाढदिवसाला केक, फुगे आणि डीजे देणारे भरपूर आहेत. त्यात कमी भांडवलात वेगळं काही द्यायचं असेल तर मुलांसाठी कराओके हा चांगला पर्याय आहे. एक स्पीकर, दोन माईक, लॅपटॉप आणि टीव्ही, बस. सुरुवातीला सामान भाड्यानेही चालतं. पण यात पैसा कुठे राहतो आणि कुठे बुडतो, हे आधी समजून घ्या.

आपण नेमकं विकतो काय?

जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने १९७१ साली कराओके मशीन बनवलं. त्यात नाणं टाकलं की ठराविक वेळ गाता यायचं. म्हणजे पहिल्या दिवसापासून या धंद्यात विकला गेला तो माईकवरचा वेळ.

आता हिशोब करा. पूर्ण गाणं साडेचार मिनिटांचं, वर मुलं बदलायला दीड मिनिट. तासाला १० नंबर लागतात. मुखडा आणि एकच अंतरा ठेवला तर अडीच मिनिटांत गाणं संपतं आणि तासाला १५ नंबर होतात. दोन तासांत ३०, म्हणजे १५ मुलांना प्रत्येकी दोनदा माईक. हे "दोनदा" फार महत्त्वाचं आहे. पहिला नंबर भीतीतच जातो, लेकरू खरं गातं ते दुसऱ्या वेळी.

तिकीट की ठरलेला दर?

समजा १५ मुलं, १५० रुपये तिकीट. जमा २,२५०. हॉल ८००, साउंड ७००, मदतनीस ३००, खाऊ प्रत्येकी २५ प्रमाणे ३७५. खर्च २,१७५. हातात उरले ७५ रुपये! मग मोह होतो ३० मुलं घ्यायचा. तेव्हा शेवटचं लेकरू जवळपास दोन तास नुसतं बसून राहतं, आणि त्याचे आईबाबा पुन्हा येत नाहीत.

आता तेच वाढदिवसाच्या घरी करा. दोन तासांचे ३,००० ठरवून घ्या. हॉल आणि खाऊ त्यांचा, तुमचा खर्च साउंड आणि मदतनीस मिळून १,०००. उरले २,०००. हे आकडे समजण्यासाठी आहेत, आपल्या गावचे दर टाकून स्वतः मांडून बघा.

मुलांची पट्टी सांभाळा

झी मराठीच्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये २००९ साली कार्तिकी गायकवाड जिंकली, तेव्हापासून बऱ्याच पालकांच्या डोक्यात स्पर्धाच असते. पण तिथे निवडलेली मुलं होती. आपल्याकडे न गाणारंही येणार. म्हणून नंबर काढू नका, परीक्षक बसवू नका.

मोठ्यांच्या पट्टीतलं गाणं लहानांना झेपत नाही. पट्टी वर-खाली करता येईल असंच सॉफ्टवेअर घ्या आणि गाण्याची यादी आदल्या दिवशी मागवून ठेवा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना पट्टी खाली द्या. या वयाची मुलं आईवडिलांसमोर एकटी गायला लाजतात. त्यांना जोडीने किंवा गटाने उभं करा, मोठ्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

नियम, यात सूट नाही

• रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. रहिवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, चौकशी करा. संध्याकाळी ५ ते ७ ही वेळ उत्तम.
• तिकीट लावून सिनेमाची गाणी वाजवायची तर कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी परवाना देते. ट्रॅकचे हक्क वेगळे असतात. यूट्यूबवर ट्रॅक फुकट दिसतो म्हणून तो धंद्यासाठी फुकट होत नाही. हा खर्च दरात धरा.
• मुलांचे व्हिडिओ पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका.
• वायरी टेपने जमिनीला चिकटवा, अर्थिंग तपासा.

हंगाम

दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळा हे आपले दिवस. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात मोठी मुलं मिळत नाहीत, तेव्हा लहानांच्या वाढदिवसांवर भर द्या.

या आठवड्याचं काम: ओळखीतली पाच मुलं जमवा, मोबाईलवर वेळ लावा आणि एका मुलाला सरासरी किती मिनिटं लागतात ते वहीत लिहा. तो आकडा हातात आला की मगच दरपत्रक छापा.