दरिद्री मातीचा राजा

मांसाहारी वनस्पती म्हटली की आपल्या मनःचक्षूंपुढे एखादी राक्षसी वेल उभी राहते. वस्तुतः हा प्रश्न क्रौर्याचा नसून दारिद्र्याचा आहे. ज्या मातीत नायट्रोजन व फॉस्फरस यांचा दुष्काळ असतो, तेथे वनस्पतीला ही द्रव्ये अन्यत्र शोधावी लागतात. आपल्या कासच्या पठारावरील दवबिंदू आणि सीतेची आसवे यांनीही हाच मार्ग पत्करला आहे.

बोर्निओतील किनाबालू पर्वतावर या मार्गाचा फार मोठा प्रवासी आढळतो. १८५८ साली ह्यू लो यांना तेथे एक प्रचंड घटपर्णी मिळाली. पुढल्याच वर्षी जोसेफ हूकर यांनी तिचे वर्णन केले आणि सारावाकचे अधिपती जेम्स ब्रुक यांच्या सन्मानार्थ तिला 'नेपेन्थिस राजा' हे नाव दिले. राजा हा शब्द मूळचा आपल्या घरचा. तो समुद्रापलीकडे गेला, एका इंग्रजाची पदवी झाला आणि अखेर एका वनस्पतीला चिकटला!

तिच्या पानाच्या टोकाला तणावा फुटतो व त्याच्या शेवटी घट तयार होतो. तो ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्यात दोन लिटरांहूनही अधिक द्रव मावतो. कडेवरून घसरलेले कीटक त्यात बुडून विरघळतात. क्वचित उंदीरही सापडला आहे. म्हणून ही उंदीरखाऊ वनस्पती, असा समज पुष्कळ काळ होता.

२०१० व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निराळेच चित्र दाखविले. दिवसा तुपाया हा खारीसारखा प्राणी आणि रात्री डोंगरी उंदीर घटाच्या काठावर बसून झाकणाखालचा मधुरस चाटतात. झाकण व तोंड यांतील अंतर तुपायाच्या देहाला बेतलेले असल्याने त्याची विष्ठा नेमकी घटात पडते. तिच्यातून वनस्पतीला नायट्रोजन मिळतो. म्हणजे मोठा प्राणी येथे मुख्यतः भक्ष्य नसून पाहुणा आहे. बुडणारा उंदीर हा अपघात होय.

ही वनस्पती केवळ किनाबालू व शेजारच्या तांबुयुकोन या पर्वतांवर, सुमारे १५०० ते २६०० मीटर उंचीवर वाढते. तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने कडक निर्बंध घातले आहेत, आणि १९६४ साली स्थापन झालेल्या किनाबालू उद्यानात तिला आश्रय आहे. परंतु हवा तापत गेली, तर डोंगरावरच्या जीवाने वर सरकून सरकून जायचे कोठे? उपटून कुंडीत नेलेले रोप कदाचित जगेल. तुपाया मात्र तेथे येणार नाही. म्हणून आपण रक्षावयाचे ते एकटे रोप नव्हे, तो सबंध डोंगर.