सहल स्वस्तात होईल, पण डबा कोण करणार?

कॉलेजच्या ग्रुपवर 'रविवारी लोहगड?' एवढा मेसेज पडला की दहा मिनिटांत सहा जण तयार होतात. कोण कोणाच्या गाडीवर, पेट्रोलचे पैसे कोण देणार, सगळं तिथल्या तिथे ठरतं. आता जरा आठवून बघा. घरातले सगळे मिळून शेवटचे कुठे गेला होतात? लग्न, मुंज आणि गावची जत्रा सोडून. आठवायला वेळ लागतोय ना?

घरी विषय काढलात तर काय होतं तेही सांगतो. बाबा म्हणतात, "बघू, दिवाळीनंतर." आई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर बघते." आजी म्हणते, "माझे गुडघे कुठे चालतात आता?" तिघांच्याही डोक्यात हिशेब एकच चालू असतो. ट्रिप म्हणजे भाड्याची गाडी, हॉटेलातलं जेवण, म्हणजे पाच-सहा हजार गेले. तोंडाने कोणी बोलत नाही, एवढंच.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो तुम्ही मांडून दाखवू शकता. वेळ तुमच्याकडे आहे, मोबाइल तुमच्या हातात आहे, आणि वेळापत्रक शोधायची सवयही तुम्हालाच आहे.

एसटीपासून सुरू करू. मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आधीपासूनच आहे. आता आमचंच घर घ्या. बाबांचं पूर्ण, माझं पूर्ण, आईचं अर्धं, अकरा वर्षांच्या बहिणीचं अर्धं आणि ७६ वर्षांच्या आजीचं शून्य. पाच माणसं, तीन तिकिटं! माझ्या जागी मुलगी असती तर अडीचच. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आजीचं आधार कार्ड जवळ हवं, आणि या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात. बेळगाव किंवा गोव्याची बस असेल तर सीमेपलीकडच्या टप्प्याचे पूर्ण पैसे धरा. शहरातल्या सिटी बसला यातलं काही लागू नाही.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. पण पुणे-लोणावळा किंवा मुंबईची लोकल असेल तर मूळ तिकीटच इतकं कमी आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पुण्याहून मळवलीला जायला माणशी जेवढं लागतं, तेवढ्यात आमच्या कॉलेजबाहेर दोन वडापावही येत नाहीत.

हे सगळं कळल्यावर मला वाटलं, आपण जिंकलो. गेल्या वर्षी मोठ्या रुबाबात घरात जाहीर केलं, "चला, कार्ल्याला. लोकलने. शंभर-दीडशेत सगळे."

ती सहल कशी झाली ते सांगतो, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे.

मळवली स्टेशनाला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाजे गाव चालत जाण्याइतकं जवळ. कार्ले मात्र चार-पाच किलोमीटर, आणि पुढे डोंगराच्या पायऱ्या. मी हिशेब केला होता फक्त लोकलच्या तिकिटाचा. आजीला घेऊन चालणं शक्यच नव्हतं. रिक्षावाल्याने जाण्याचे जे सांगितले ते ऐकून बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, काही न बोलता खिशात हात घातला आणि पैसे दिले. परत येतानाही तेच. रिक्षावाल्याची चूक नव्हती, त्याचा तो धंदा आहे. पण त्यानंतर दिवसभर बाबांनी कशालाच 'घेऊ या' म्हटलं नाही. बहीण काकडीवाल्यापाशी रेंगाळली, तिला हाताला धरून पुढे नेलं. पैसे संपले नव्हते हो. विश्वास संपला होता, की अजून काय काय निघेल कोण जाणे.

तर पहिली गोष्ट ही. घरच्यांची सहल मोडते ती स्टेशनापासून ठिकाणापर्यंतच्या शेवटच्या चार किलोमीटरवर. गाडीचं तिकीट शेवटी बघा. आधी तो शेवटचा टप्पा विचारून ठेवा. शेअर रिक्षा मिळते का, बस किती वाजता आहे, चढ किती आहे. जाऊन आलेल्या एखाद्या मित्राला फोन केला तरी काम होतं.

दुसरी गोष्ट मला लेण्यात कळली. कार्ल्याचं चैत्यगृह देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. आत शिरलं की वर बघा, छताला लाकडी फासळ्या आहेत, मूळच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. भिंती-खांबांवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावं कोरली आहेत. वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठ आहे, तसाच धेनुकाकट गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे आणि सामी नावाचा सुतारही आहे. एवढं प्रचंड काम चक्क वर्गणीतून उभं राहिलंय. मी हे सगळं वाचून गेलो होतो, आईला सांगायचं म्हणून. वळून बघतो तर आई खांबाला टेकून झोपली होती.

ती पहाटे साडेतीनला उठली होती. पाच जणांच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, आजीसाठी मऊ दशम्या, बहिणीसाठी वेगळं कमी तिखट, दह्याचा डबा, पाण्याच्या बाटल्या. मी पावणेसहाला उठून 'चला, उशीर होतोय' म्हणत होतो.

बाहेर खायचं नाही म्हणून सहल स्वस्त, हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो. ते वाचलेले पैसे आई पहाटे कमावते, आणि तिची सुट्टी होतच नाही. मग ती 'तुम्ही जाऊन या' म्हणाली तर आपण म्हणतो, तिला फिरायची आवड नाही. आवड कशी असेल?

तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी फक्त भाजे. एका दिवशी एकच ठिकाण, हे आजीमुळे ठरलं, पण आता मला तोच नियम बरा वाटतो. आदल्या रात्री मी आणि बहिणीने तिखटामिठाच्या पुऱ्या केल्या. अर्ध्या फुगल्या नाहीत. आईला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, हे सगळ्यात अवघड काम होतं. (पुऱ्या जमणार नसतील तर गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रात आदल्या दिवशी ऑर्डर द्या. तेवढे पैसे बजेटमध्ये धराच, ती उधळपट्टी नाही.) शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि केळी घेतली, झालं.

दिवस निवडला गुरुवार. बाबा कारखान्यात आहेत, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारीच सुट्टी असते. माझी दोन लेक्चर्स बुडाली, हे प्राध्यापक मंडळींनी वाचलं तर वाचलं. पण शनिवार-रविवारची, त्यातही पावसाळ्यातली भाज्याची गर्दी बघितली असेल तर मी काय म्हणतोय ते कळेल. धबधब्याखाली नाचायला मित्रांबरोबर जा. आजीला घेऊन जायचं तर दिवाळीनंतरची थंडी बरी, पायऱ्याही कोरड्या असतात.

आजी अर्ध्यापर्यंत चढली, बसली, पुन्हा चढली. आम्हाला घाई नव्हती. भाज्याची लेणी कार्ल्याहून जुनी, इसवी सनापूर्वीची. चैत्यगृहाशेजारी ओळीने चौदा स्तूप आहेत, आणि शेवटच्या बाजूच्या विहारात एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवतेय नि दुसरी नाचतेय असं शिल्प आहे. त्यासमोर आजी बराच वेळ उभी होती. तिकीट माणशी २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना मोफत. एवढाच तिथला खर्च.

निघायच्या आधी मी एका पाकिटात साडेपाचशे रुपये घातले होते, माझ्या पॉकेटमनीतून साठवलेले, आणि ते आईच्या हातात दिलं. सगळा खर्च यातूनच, उरतील ते उडवायचे. या पाकिटाने जादू केली. रक्कम आधी ठरलेली असली की माणसं मोकळेपणाने खर्च करतात. या वेळी काकडी झाली, चहा झाला, परतताना बहिणीच्या हट्टाने चिक्कीही झाली.

तुम्ही पुण्याचे नसाल तर तुमचं मळवली तुम्हीच शोधा, ते असतंच. मुंबईकरांना वसईचा किल्ला आहे, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला. वसई रोडला उतरून पुढे बस-रिक्षा. कोल्हापूरकरांना पन्हाळा, नागपूरकरांना रामटेक, सोलापूरकरांना नळदुर्ग, सगळं एसटीच्या टप्प्यात. बंद असण्याचे वार मात्र पाठ करा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा आणि घारापुरी सोमवारी. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून वेगळ्या बसने चार किलोमीटर जावं लागतं, त्याचे पैसे आधीच धरा.

आणि मळवलीला गेलात तर परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा, दुपारी गाड्या फार कमी असतात. आम्हाला फलाटावर बराच वेळ बसावं लागलं. पुऱ्या संपल्या होत्या. आजीने पिशवीतून आपलं आधार कार्ड काढून डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "हे दाखवलं की एसटी फुकट म्हणालास ना? मग पंढरपूरलाही फुकटच का?"

मी हो म्हटलं.

बाबा रुळांकडे बघत होते. "गुरुवारी गर्दी कमी असेल तिथे," ते म्हणाले.