बॅटरी कुणाची, जबाबदारी कुणाची?

नवा फोन तापायला लागला, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं किंवा पडद्यावर रेघ उमटली, की आपल्याकडे निदान तयारच असतं: चायनाचा माल, कुठल्यातरी कारखान्यात स्वस्तात करून घेतलेला, कामगारांनी घाईत कसाबसा जोडलेला. दोष सगळ्यात खालच्या माणसावर ढकलला की बाकीचे सुटतात, म्हणून हे निदान सर्वांनाच सोयीचं पडतं. पण लाखांनी बनणाऱ्या फोनमधले गंभीर दोष पुष्कळदा लाइनवर काम सुरू होण्याआधीच ठरून गेलेले असतात. बॅटरीला किती जागा द्यायची, माल कुठल्या तारखेला हवा आणि नगाला भाव काय, हे तीन आकडे फोनवर जिचं नाव छापलेलं असतं ती कंपनी ठरवते. कारखाना तिचा स्वतःचा असो की कंत्राटदाराचा, त्याला त्या आकड्यांच्या आतच काम उरकायचं असतं. सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ या फोनचं २०१६ साली जे झालं, त्यात हे स्पष्ट दिसतं. इतक्या तपशिलात चिरफाड होऊन निष्कर्ष जाहीर झालेला दुसरा फोन शोधावा लागेल.

नोट ७ ची विक्री १९ ऑगस्ट २०१६ ला सुरू झाली आणि दोनच आठवड्यांत, २ सप्टेंबरला, कंपनीने २५ लाख फोन परत मागवत असल्याचं जाहीर केलं. भारतात ५९,९०० रुपयांना त्याची विक्री सुरू व्हायची होती ती नेमकी त्याच दिवशी. ती पुढे ढकलली गेली आणि पुन्हा कधी झालीच नाही. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा आयोगाने १५ सप्टेंबरला अधिकृतपणे फोन परत मागवले, तेव्हा फोन तापल्याच्या ९२ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या २६ भाजल्याच्या होत्या. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही विमानात हा फोन वापरायला बंदी केली. कंपनीने ग्राहकांना बदली फोन दिले, त्यात दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती. ५ ऑक्टोबरला लुईव्हिल विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात असाच एक बदली फोन धुमसला आणि प्रवाशांना खाली उतरवावं लागलं. ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचं थांबलं.

नेमकं काय बिघडलं होतं, ते २३ जानेवारी २०१७ ला सोलमधल्या पत्रकार परिषदेत सांगितलं गेलं. कंपनीच्या तपासाबरोबर यूएल, एक्सपोनंट आणि टीयूव्ही ऱ्हाइनलँड या बाहेरच्या संस्थांनीही आपापल्या परीने शोध घेतला होता. फोनच्या बॅटरीत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब पातळ पट्टी असते, ते धन टोक. ग्राफाइटचा लेप दिलेली तांब्याची दुसरी पट्टी म्हणजे ऋण टोक. दोघींचा एकमेकींना स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा पडदा घालतात, त्याला सेपरेटर म्हणतात, आणि त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. हे सगळं गुंडाळून मऊ पाकिटात बंद केलं जातं. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांमध्ये पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गुंडाळीला पुरेशी जागाच नव्हती, त्यामुळे तिथे ऋण पट्टी वाकून दबत होती. दुसऱ्या पुरवठादाराचं दुखणं निराळं होतं. धन टोकाच्या पट्टीला जिथे जोड वेल्ड करतात, तिथे काही बॅटऱ्यांमध्ये धातूचे टोकदार बर उरले होते. ते इन्सुलेशनची टेप आणि सेपरेटर भेदून पलीकडच्या पट्टीला भिडत होते. काही बॅटऱ्यांमध्ये तर ती टेप लावायचीच राहून गेली होती. भोसरीत किंवा सातपूरला शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला बर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अब्जावधी डॉलरचा फोन बुडाला तो असल्या बरामुळे.

आता हे पुरवठादार कोण होते ते पाहू. पहिली बॅटरी सॅमसंग एसडीआयची, म्हणजे घरच्याच भगिनी कंपनीची. दुसरी एटीएलची, म्हणजे हाँगकाँगमध्ये मुख्यालय असलेल्या आणि जपानच्या टीडीके समूहात मोडणाऱ्या बाहेरच्या कंपनीची. सॅमसंग आपले फोन तेव्हाही प्रामुख्याने स्वतःच्या कारखान्यांत जोडत होती. बाहेरून करून घेतल्यामुळे दर्जा घसरतो, असा सरळ हिशोब असता तर घरची बॅटरी तरी धड निघायला हवी होती. पण घरची आधी फसली आणि बाहेरची नंतर. दोन्ही दोषांच्या मागे मात्र कंपनीच्या अपेक्षांचा दाब दिसतो. बारीक अंगाच्या फोनमध्ये ३,५०० एमएएचची बॅटरी बसवायची होती आणि त्या वेळच्या बातम्यांनुसार अ‍ॅपलच्या सप्टेंबरातल्या नव्या फोनच्या आधी बाजारात उतरायचं होतं. पहिला दोष सापडल्यावर सगळी मागणी एटीएलकडे वळली, तिने उत्पादन झपाट्याने वाढवलं आणि वेल्डिंगची चूक शिरली ती या वाढीच्या काळात. आणखी एक गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. वॉल स्ट्रीट जर्नलने तेव्हा दिलेल्या वृत्तानुसार अमेरिकेतल्या मोबाइल सेवा कंपन्यांना लागणारं बॅटरीचं प्रमाणपत्र सॅमसंग स्वतःच्याच प्रयोगशाळेतून मिळवत होती. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरचे. बॅटरीचं उद्दिष्ट आपणच ठरवून दिलं होतं आणि ती तपासण्यात आपण कमी पडलो, हे सॅमसंगने त्या पत्रकार परिषदेत कबूल केलं, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

यावर कुणी म्हणेल, एवढी मोठी कंपनी, तिला माल नीट तपासून घेता आला नाही? घेता आला असता, पण तपासणीने जेवढं कळतं असं आपण समजतो तेवढं कळत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो. फोनचा दोष असा सारखा पसरलेला नसतो. नोट ७ परत मागवताना कंपनीने दोषाचं प्रमाण दहा लाखांत २४ असं सांगितलं होतं. या प्रमाणाने एखाद्या लॉटमधून १,००० फोन उचलून अगदी डोळ्यांत तेल घालून तपासले, तरी शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा एकही सदोष फोन हाती लागणार नाही. १०,००० तपासले तरी अठ्ठ्याहत्तर वेळा हात रिकामाच राहील. मग सगळेच का तपासू नयेत? कॅमेरा, स्पीकर, टचस्क्रीन, नेटवर्क या गोष्टी प्रत्येक फोनवर तपासता येतात आणि तपासल्या जातातही. पण बॅटरीच्या आतला दबलेला कोपरा पहिल्या दिवशी काहीच बोलत नाही. कित्येकदा चार्ज झाल्यावर, उतरल्यावर तो उघडा पडतो, आणि आत पाहण्यासाठी बॅटरी फोडली तर ती विकता येत नाही. हा दोष पुन्हा घडवून पाहण्यासाठी सॅमसंगला ७०० संशोधक आणि अभियंते कामाला लावावे लागले. त्यांनी २ लाख फोन आणि ३० हजार सुट्या बॅटऱ्या चाचणीला लावल्या. विक्रीपूर्वी कुणी एवढा खटाटोप करत नाही.

म्हणूनच दर्जा शेवटच्या टेबलावर सापडत नाही, तो प्रक्रियेत सांभाळावा लागतो. हे ज्ञान नवं नाही आणि गंमत म्हणजे ते टेलिफोनच्याच धंद्यातून आलं. वेस्टर्न इलेक्ट्रिक ही अमेरिकेतली टेलिफोन बनवणारी कंपनी होती. तिथल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. माल तयार झाल्यावर वाईट नग वेचत बसण्यापेक्षा यंत्राची मापं वेळोवेळी नोंदवा, ती नेहमीच्या पट्ट्याबाहेर सरकू लागली की वाईट नग बनायच्या आधीच काम थांबवा, असा तिचा मथितार्थ. पुढे एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये हीच शिकवण जपानी उद्योगांपुढे मांडली. ही पद्धत चालायची तर वेल्डिंगच्या यंत्राशी उभ्या माणसाला काम थांबवायची मुभा हवी आणि त्याने पाहिलेलं वरपर्यंत पोचायला हवं. बाहेरून करून घेण्यातला खरा धोका इथे आहे. बर वाढतोय ही बातमी कंत्राटदाराच्या सुपरवायझरला आधी कळते, पण ती ऑर्डर देणाऱ्याला कळवली तर दंड बसण्याची किंवा पुढची ऑर्डर शेजारच्या कारखान्याकडे जाण्याची भीती असते. अशा वेळी बातमी कारखान्यातच राहते आणि बर बॅटरीबरोबर ग्राहकाच्या खिशात जातो.

याला उलट उदाहरण म्हणून अ‍ॅपलचं नाव घेतलं जातं. आयफोनची जुळणी बाहेरच्या कंपन्या करतात, तरी दर्जा टिकतो, मग अडचण कुठे आहे? यात तथ्य आहे, पण अर्धंच. अ‍ॅपलने कारखाना बाहेर दिला, कारखान्याचं ज्ञान बाहेर दिलं नाही. तिचे अभियंते पुरवठादारांच्या शॉपमध्ये ठाण मांडून असतात आणि तिथली बरीच खास यंत्रसामग्री तिच्याच पैशाने उभी राहते. तरीही आकड्यांचा दाब तिथेही फुटून बाहेर आला. ऑक्टोबर २०१२ मध्ये, चीनच्या राष्ट्रीय सुट्टीच्या दिवसांत, झेंगझौच्या फॉक्सकॉन कारखान्यात आयफोन ५ वरून तंटा झाला. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कडेवर ओरखडे दिसतात, अशी ग्राहकांची ओरड होती, म्हणून निकष कडक केले गेले. चायना लेबर वॉच या संस्थेचं म्हणणं असं की पुरेसं प्रशिक्षण न देता ०.०२ मिलिमीटरपर्यंतच्या खाचेचा निकष लादला गेला, सुट्टीही नाकारली गेली, तेव्हा तीन-चार हजार कामगारांनी काम थांबवलं आणि दर्जा तपासनिसांना मारहाणही झाली. संप झाला हे फॉक्सकॉनने नाकारलं, मात्र लाइनवरचे कामगार आणि तपासनीस यांच्यात वाद झाल्याचं मान्य केलं. कोणाचंही खरं धरलं तरी वाद कुठे पेटला ते पाहा. तिथे समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकानेही तो निकष किंवा ती तारीख ठरवलेली नव्हती.

हा विषय आता आपल्या दारात आला आहे, कारण एप्रिल २०२० मध्ये मोबाइलसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आल्यापासून कर्नाटक, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेशातले कारखाने वेगाने फोन बनवू लागले आहेत. फायनान्शियल टाइम्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये बातमी दिली की होसूरच्या टाटांच्या कारखान्यात बनणाऱ्या आयफोनच्या सांगाड्यांपैकी जेमतेम निम्मे पुढे पाठवण्याजोगे निघतात. त्यावर ‘भारताला जमत नाही’ असा सूर निघाला. मला ती बातमी तितकी वाईट वाटली नाही. निम्मा माल रिजेक्ट होतो याचा अर्थ फाटकावर कुणीतरी नाही म्हणतंय. ते महाग पडतं, पण लाइन नवी असताना रिजेक्शन जास्त असणारच. काळजी वाटावी ती बिनतक्रार पास होणाऱ्या मालाची. आपल्याकडे बॅटरी आणि मोबाइल यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. पण ती मिळते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून, आणि तो नमुना निर्माताच देतो. त्यानंतर सहा महिन्यांनी घाईत बनलेल्या लॉटबद्दल त्या शिक्क्याला फारसं काही सांगता येत नाही.

राहिला भावाचा मुद्दा. एवढं सगळं करायचं तर फोन महाग होतील आणि साध्या माणसाला परवडणार नाहीत, असं म्हटलं जातं. थोडे महाग होतील हे खरंच. पण नोट ७ ने सॅमसंगचं सुमारे ५३० कोटी डॉलरचं नुकसान केलं, आणि त्यानंतरच तिने एक्स-रे, बॅटरी फोडून पाहणं आणि चार्जिंगच्या सलग चाचण्या यांचा आठ टप्प्यांचा तपास लागू केला. हा खर्च आधी स्वस्तात झाला असता. शिवाय ती मोठी कंपनी होती, तिला फोन परत घेणं परवडलं. तयार फोन आणून त्यावर नुसतं आपलं नाव छापणाऱ्या लहान ब्रँडच्या बाबतीत तर फोन परत मागवायचा प्रसंगच सहसा येत नाही, ग्राहक बॅटरी बदलून घेतो आणि गप्प बसतो.

तसं गप्प बसायचं कारण नाही. ‘बॅटरी आमची नाही, पुरवठादाराची आहे’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादकाची जी व्याख्या आहे, तिच्यात दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचं नाव किंवा चिन्ह लावणाराही येतो. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. बॅटरी फुगली तर फोन वापरणं थांबवा, पावती जपून ठेवा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि तक्रारीत पहिलं नाव लिहा ते फोनच्या पाठीवर छापलेलं.