ढेकूण, ऊन आणि उकळते पाणी

हैदराबादेतील नल्लकुंटा वस्तीत सरकारी फीव्हर हॉस्पिटल आहे. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधून काढणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांचे नाव त्या संस्थेला दिलेले आहे. हा शोध त्यांनी १८९७ साली जवळच्याच सिकंदराबादेत लावला. या रुग्णालयाला लोक ‘कोरंटी दवाखाना’ असेही म्हणतात. ‘क्वारंटाईन’ या शब्दाचे ते बोलीतले रूप होय. उस्मानिया विद्यापीठ जवळ असल्याने याच भागात विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्याही पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी वापरलेली खाट व गादी एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात जाते आणि तिच्याबरोबर न बोलावलेला पाहुणाही येतो. तो म्हणजे ढेकूण.

प्रथम एक भीती दूर करू. ढेकूण रक्त पितो खरा. परंतु त्याच्या चावण्याने माणसांत कोणताही रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत पॅटन या संशोधकाने काळ्या आजाराचा आळ ढेकणावर घेतला होता. पुढे १९४२ साली खरी गुन्हेगार सँडफ्लाय ही बारीक माशी ठरली. ढेकणाने मिळते ती खाज, निद्रानाश आणि मनाचा संकोच.

खरा धोका आपल्या उतावीळ उपायांत आहे. धान्यात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण खोलीत ठेवतात. दमट हवा लागताच त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. अशा गोळ्यांनी झोपेतच माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. रॉकेल शिंपडण्यात आगीचे भय आहे. फवाऱ्यांचाही पूर्वीसारखा भरवसा उरलेला नाही, डी.डी.टी.ला दाद न देणारे ढेकूण हवाई बेटांवर १९४७ सालीच आढळले होते.

मग उपाय कोणता? उष्णता! अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली याची नेमकी मोजदाद प्रसिद्ध केली. ४५ अंश सेल्सियसला मोठे ढेकूण सुमारे दीड तासात मेले, पण अंडी सात तासही तग धरून राहिली. ४८ अंशांना मात्र अंडीही सुमारे ७२ मिनिटांत निकामी झाली. आपल्याकडील ढेकणांची जात बहुधा थोडी निराळी असते. म्हणून ५० अंशांच्या वर आणि थोडा अधिक वेळ, हा हिशेब धरावा.

येथेच आपल्या जुन्या चालीतील उणीव ध्यानात येते. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तरी नुसती उन्हात टाकलेली गादी आतून तेवढी तापत नाही. ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतात आणि वाचतात. तेव्हा गृहिणींनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

चादरी, अभ्रे व कपडे खोलीतच पिशवीत बांधून मग बाहेर न्यावेत, म्हणजे वाटेत ढेकूण सांडणार नाहीत. सोसतील ते कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. खाटेच्या फटींत व सांध्यांत उकळते पाणी ओतावे. मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. गादीच्या शिवणींवर वाफ सावकाश फिरवावी. पातळ कपडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात ठेवावयाचे असतील, तर मधोमध तापमापक ठेवून पारा पाहावा. मेणबत्त्या, औषधे, काडेपेट्या व फवाऱ्याचे डबे कधीही तापवू नयेत. सबंध खोली यंत्राने तापविण्याचे काम जाणकारांकडेच सोपवावे. घरात शेगडी पेटवून तो प्रयोग करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

उष्णतेचा गुण हा की, ती मागे विष ठेवीत नाही. तिची मर्यादाही हीच. आज तापविलेल्या गादीत उद्या नवा ढेकूण सुखाने शिरतो. म्हणून जुने सामान तपासून घ्यावे आणि दर आठवड्याला फटी पाहाव्यात. ढेकूण स्वच्छ घरातही होतात, त्यात लाज कसली? शेजाऱ्यापासून ती गोष्ट लपविली, तर भिंतीच्या भेगेतून ढेकूण मात्र त्याच्या घरी जातो. दोन्ही घरांनी एकाच दिवशी पाणी उकळावे, हे उत्तम.