कोंबडीच्या पोटाचे विकार : ओळख व शुश्रूषा

बैल किंवा म्हैस चारा खाईनाशी झाली, तर आपण तत्काळ दवाखाना गाठतो. परसातील कोंबडी पंख पाडून बसली, तर मात्र 'ती काही जगत नाही' म्हणून सुरी शोधतो. अंड्यांचे पैसे हा बहुधा घरातील स्त्रियांचा हातखर्च. म्हणूनच पुरुषमंडळींचे तिकडे दुर्लक्ष होते, असे प्रस्तुत लेखकास स्वतःच्या घरच्या अनुभवावरून वाटते.

वसमत तालुक्यातील आमच्या शेतावर गेल्या कार्तिकात सोयाबीनची रास उचलल्यावर खळ्यावरील मातेरे मी कोंबड्यांपुढे टाकले. आठ दिवसांत दोन कोंबड्यांनी खाणे सोडले. मानेच्या बुडाशी असणारी अन्नाची पिशवी दगडासारखी घट्ट लागू लागली. एका गृहस्थांच्या सांगण्यावरून एकीस पाय धरून उलटी केली व तिच्या चोचीत तेल ओतले. तेल श्वासनलिकेत उतरून ती हातातच मेली. दवाखान्यात ती उघडून पाहता पिशवीत भुसा, सुतळीचा तुकडा व फुगलेले दाणे यांचा गोळा निघाला. कोंबडी सुनेची होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही. दुसरी पशुवैद्यांच्या सल्ल्याने वाचली. ती कशी वाचली, हे इतरांस कळावे म्हणून हा लेख.

कोंबडीस दात नाहीत. टिपलेला दाणा प्रथम वरील पिशवीत भिजतो, तेथून जठरात व पुढे जाड स्नायूंच्या पेषणीत जातो. तेथे गिळलेल्या बारीक खड्यांनी तो दळला जातो. बंदिस्त कोंबड्यांस वाळूचे खडे मिळाले नाहीत, तर हे दळण नीट होत नाही. पहाटे दाणा टाकण्यापूर्वी पिशवी चाचपून पाहावी. निरोगी कोंबडीची ती रिकामी असते. घट्ट लागली तर अन्न अडकले असे समजावे. लिबलिबीत लागून तोंडास आंबूस वास येत असेल, तर आत बुरशी वाढली असावी.

विष्ठा पाहण्याची सवय ठेवावी. तपकिरी विष्ठेवर पांढरा थर असणे हे निरोगीपणाचे लक्षण होय. तो थर लघवीचा असतो. दिवसातून एक-दोन वेळा चिकट, काळसर व दुर्गंधी विष्ठा पडते, तीही स्वाभाविकच. हिरवी पातळ विष्ठा उपासाने होते, तशीच पुढे सांगितलेल्या मानमोडीतही होते. विष्ठेत रक्त दिसल्यास एक दिवसही दवडू नये.

आजारी कोंबडी प्रथम वेगळी करावी. ऊबदार, कोरड्या टोपलीत किंवा खोक्यात ठेवून तळाशी गोणपाट घालावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते एक-दोन दिवस पुढे ठेवावे. मीठ यापेक्षा अधिक झाल्यास पक्ष्यास विषासारखे बाधते. पिशवी मोकळी असेल, तर मऊ भात किंवा ज्वारीच्या कण्या शिजवून थोड्या थोड्या द्याव्या. हळद घालण्यास हरकत नाही. तथापि तेवढ्यावर विसंबू नये.

पिशवी घट्ट असल्यास दाणा बंद ठेवावा. कोंबडी उभी धरून चोचीच्या कडेने कोमट पाण्याचे थेंब सोडावे व पिशवी बोटांनी हळूहळू चोळावी. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. तिला उलटी कधीही करू नये. एका दिवसात उतार न पडल्यास दवाखान्यात न्यावी. आमची दुसरी कोंबडी याच रीतीने तिसऱ्या दिवशी दाणे टिपू लागली.

पावसाळ्यात तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांस रक्ती हगवण होते. तिचे अतिसूक्ष्म जंतू आतड्यात वाढतात व विष्ठेतून बाहेर पडतात. ओल्या, उबदार भुशात ते एक-दोन दिवसांत रोग लावण्यास समर्थ होतात. साध्या जंतुनाशकांनी ते मरत नाहीत. यास्तव खुराडे कोरडे ठेवणे हाच मुख्य उपाय. अँप्रोलियम हे औषध पाण्यातून देतात. ते जंतूंस 'ब१' जीवनसत्त्व मिळू देत नाही. म्हणून त्याच काळात त्या जीवनसत्त्वाचे टॉनिक दिल्यास औषध निष्फळ होते. मात्रा पशुवैद्यांकडूनच घ्यावी. औषध चालू असता अंडी केव्हा खावी, हेही त्यांस विचारावे.

आता मातेऱ्याविषयी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्य असते; ते उष्णतेने नष्ट होते. तेव्हा सोयाबीन भाजून किंवा उकडूनच द्यावे. बुरशी आलेला मका वा भुईमुगाची पेंड देऊच नये. १९६० साली इंग्लंडात अशा पेंडीने एक लाखावर टर्की पक्षी मेले, व त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. औषध चोळलेले उरलेले बियाणेही कोंबड्यांपासून दूर ठेवावे.

काही रोगांत घरची शुश्रूषा निरुपयोगी, किंबहुना घातक होय. मान वाकडी होणे, धाप व हिरवी हगवण ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणे. तिला औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब द्यावे व सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दुसरी लस टोचून घ्यावी. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास बर्ड फ्लूची शंका घ्यावी. हा रोग देशात प्रथम २००६ साली नवापुरास आढळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या त्याने दगावल्या. अशा वेळी पक्षी कापू नये, विकू नये, उघड्या हातांनी उचलू नये. २००९ च्या कायद्याप्रमाणे अशी खबर गावात देणे मालकाचे कर्तव्य आहे. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय साहाय्य मिळते.

वाचलेली ती कोंबडी आता पुन्हा अंड्यावर आली आहे. मातेरे चाळून, भाजून मगच तिच्यापुढे टाकावे, असा घरात नियम झाला असून, पहाटे पिशव्या चाचपण्याचे काम सुनेने माझ्याकडे सोपविले आहे.